फुकटचे हिशेबनीस

घरखर्चाला लगाम घालणारी फुकट ॲप्स ताडून पाहायला घेतली, की पहिला प्रश्न पडतो: यांचा स्वतःचा खर्च कोण भागवतं? अमेरिकेत 2007 साली आलेल्या ‘मिंट’ने लोकांचे हिशेब फुकट ठेवले आणि शेजारी क्रेडिट कार्डांच्या जाहिराती मांडल्या. इन्ट्यूइट या कंपनीने ते 2009मध्ये 17 कोटी डॉलरना घेतलं, 2024मध्ये टाळं लावलं आणि गिऱ्हाइकांना आपल्याच ‘क्रेडिट कार्मा’ची वाट दाखवली. तिथे कर्जं आणि कार्डं सुचवली जातात. काटकसर शिकायला आलेल्यांची चांगलीच सोय झाली म्हणायची!

आपल्याकडची कितीतरी ॲप्स बँकेचे एसएमएस वाचून हिशेब मांडतात. किराण्यासाठी पाठवलेले पाचशे आणि मेहुण्याला उसने दिलेले पाचशे दोन्ही गुण्यागोविंदाने ‘इतर’मध्ये नांदतात. महिनाअखेर शिल्लक आटली, की तेच ॲप मायेने विचारतं, ‘झटपट कर्ज हवं का?’

राहिलं ‘ग्नूकॅश’ हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. खरोखर फुकट, जाहिरात नाही, माहिती आपल्याच संगणकात. फक्त दोन किलो कांदे घेतले तरी नावे आणि जमा अशी दुहेरी नोंद करावी लागते. माझं मत त्यालाच. नोंदीच्या धास्तीने निम्मी खरेदी टळते.