'हुतात्मा'नं आलेली पाहुणी

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, अशी म्हण आहे. ही म्हण करणाऱ्याचं मूल परगावी होस्टेलात शिकत नसावं. होस्टेलातून आलेल्या मुलाची अक्कल तिसऱ्या दिवशी जात नाही, उलट ठिकाणावर येते. तोवर ते पाहुण्यासारखं वागतं आणि आपण यजमानासारखे. मग कुणीतरी कुणावर तरी खेकसतं आणि घर पूर्ववत चालू होतं.

आमची कन्या पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात एमएस्सी करते. विषय फिजिक्स. दिवाळीला सगळ्यांचीच मुलं घरी येतात, पण सोलापूरचं मूल खरं येतं ते जानेवारीत, गड्ड्याला. गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. ती आणि संक्रांत एकाच आठवड्यात. सोलापुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पुण्याच्या वेळापत्रकात मात्र गड्डा बसत नाही. तिथं तास चालू, प्रॅक्टिकल चालू. त्यामुळं दर जानेवारीत तिच्या कुठल्या तरी नातेवाइकाची तब्येत अचानक ढासळते. यंदा माझी ढासळली होती. तिच्या होस्टेलातल्या मैत्रिणीनं फोनवर "काका, आता बरं वाटतंय ना?" असं काळजीनं विचारलं, तेव्हा मला ते कळलं. बरं वाटतंय म्हणालो. काय करणार?

ती येते 'हुतात्मा'नं. संध्याकाळी पुण्याहून सुटणारी ही गाडी रात्री दहाच्या आसपास सोलापूरला टेकते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांची आठवण तिच्या नावात आहे. 1930 साली गावात मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. सोलापूरहून पुण्याला गेलेले ते चौघं परत आले नाहीत. त्यांच्या नावाची गाडी आमची पोरं परत आणून सोडते. स्टेशनवर उभं असताना हे कधी कधी मनात येतं, पण फार वेळ टिकत नाही, कारण तेवढ्यात घरून फोन येतो, "कुठवर आली?"

तिच्या आईला गाडी कुठवर आली हे दर वीस मिनिटांनी लागतं. मोबाइलवर सगळं दिसतं, पण मोबाइल खोटं बोलेल, लेक बोलणार नाही, असा तिचा विश्वास आहे. (माझ्या आजारपणाची हकिगत मी तिला सांगितलेली नाही.) तर यंदा आठ-सव्वाआठला तिनं फोन लावला. तिकडून गाडीच्या खडखडाटात आवाज आला, "जेऊर आलंय." इकडं ऐकू आलं, "जेवून आलेय." झालं! सकाळपासून भिजवलेलं, निवडलेलं, परतलेलं सगळं एका वाक्यात फुकट गेलं. गाडी कुर्डुवाडी सोडेपर्यंत घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मोहोळला गैरसमज मिटला आणि तवा पुन्हा गॅसवर चढला. रात्री साडेदहाला कन्येनं ताटाकडं बघून "एवढं कोण खातं रात्री!" असं म्हटलं आणि दाळकांदा, भाकरी, शेंगाचटणी यांचा पुरता फडशा पाडला.

त्यानंतरचे दोन दिवस म्हणजे निव्वळ शासकीय पाहुणचार. बाईसाहेब उठतील तेव्हा सकाळ. तोवर मिक्सर लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, मी खोकायचं असेल तर अंगणात जायचं. उठल्यावर चहा हातात. तीही अदबीनं वागते. ताट स्वतः घासायला घेते आणि "अगं राहू दे गं" ऐकून राहू देते. तिची आजी मनगट धरून बघते आणि "वाळलीस" असा निकाल देते. होस्टेलातल्या वजनकाट्यानुसार ती दिवाळीपासून तीन किलोनं वाढली आहे. हे तिनं आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "पुण्याचे काटे."

शेजारच्या काकूंचा एक प्रश्न ठरलेला असतो. सोलापूरला 2004 पासून आपलं स्वतःचं विद्यापीठ आहे, एका जिल्ह्यापुरतं काढलेलं, आता अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं. मग पुण्याला कशाला जायचं? आजवर लेकीनं विषयाची, प्रयोगशाळेची, प्राध्यापकांची बरीच कारणं दिली. काकूंना एकही पटलं नाही. यंदा ती म्हणाली, "इथंच शिकले असते तर घरी कशी आले असते, काकू?" काकू विचारात पडल्या. हे उत्तर मलाही अजून पुरतं उलगडलेलं नाही, पण त्यात काहीतरी आहे.

अक्कल ठिकाणावर आली ती पाण्यामुळं.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडी माहिती देतो. आमचं पाणी येतं उजनीहून, शंभरेक किलोमीटरवरून, आणि नळाला येतं चार-पाच दिवसांआड. उजनी भीमेवर. पुण्याची मुळा-मुठा पुढं जाऊन भीमेलाच मिळते. म्हणजे कन्या पुण्यात शॉवरखाली दोन-दोनदा अंघोळ करते ते पाणी फिरत फिरत शेवटी आमच्याच पिंपात येतं. या विषयावर आमच्या गल्लीत कुणीही अर्धा तास बोलू शकतं, म्हणून इथंच थांबतो. मुद्दा इतकाच की पाणी येतं ते बऱ्याचदा रात्री, आणि आलं की गल्लीत कुणीतरी "पाणी आलं!" अशी हाळी देतं. त्या हाळीनं मेलेला माणूसही हंडा शोधत उठेल.

त्या रात्री पाणी दोनला आलं. आधी ठरलं की पोरगी झोपू दे, आपण दोघं बघू. मग मोटार पाणी ओढेना. मी आत पाणी ओतून हवा काढत बसलो. तिकडं हौद भरून वाहायला लागला, आणि मोरीतली पिंपं कोरडी. आजी कॉटवरून सूचना देत होती. आणि कन्येच्या आईचा पट्टीतला आवाज चढला, "अगं ए! ऊठ की! पाणी वाहून चाललंय आणि ही लोळतीय! नळी धर!"

पाहुणचार तिथं संपला.

कन्या डोळे चोळत आली, परिस्थिती पाहिली आणि म्हणाली, "मोटार कशाला हवी? हौद वर आहे, पिंप खाली आहे, सायफन लावू." मग तिनं वातावरणाचा दाब वगैरे सांगायला सुरुवात केली. तिच्या आईनं तोवर हिरवी नळी हौदात बुडवून पूर्ण भरून घेतली होती, एक टोक अंगठ्यानं दाबून धरलं होतं. ते टोक तिनं मोरीत नेलं, पिंपात सोडलं, अंगठा काढला. पाणी धो धो पडायला लागलं. एमएस्सी बघत राहिली. "तुला हे कुणी शिकवलं?" तिनं विचारलं. "कोण शिकवणार? तुझ्या आजीचा अंगठा बघ," आई म्हणाली. आजीनं कॉटवरूनच अंगठा दाखवला.

पहाटे चारला मोरीतली पिंपं, हंडे, कळशा, बादल्या, आणि आजीच्या आग्रहाखातर दोन पातेली भरून झाली. मायलेकी पायरीवर बसून एकमेकींच्या चुका काढत होत्या. नळी कुणी वाकडी धरली, तोटी कुणी उघडी ठेवली. मी आत येऊन झोपलो. घर चालू झालं होतं. दुसऱ्या दिवशी आठला मिक्सर लागला, चहा ज्याचा त्यानं करून घेतला, आणि ओला टॉवेल गादीवर पडला म्हणून बाईसाहेबांचा मन लावून उद्धार झाला.

त्याच आठवड्यात हुरडा. मंगळवेढ्याच्या बाजूला तिच्या शाळेतल्या एका मित्राची शेती आहे. तिथली मालदांडी ज्वारी नावाजलेली, भौगोलिक मानांकनही मिळालेली. तिच्या जुन्या वर्गातली पाचसहा जण निघाली. मलाही नेलं, कारण गाडी माझी होती.

पोरांचं ते कोंडाळं मी बांधावरून बघत होतो. एकजण हिंजवडीत कंपनीत आहे, एकाचा मंडपाचा धंदा आहे, एकीचं लग्न होऊन कडेवर पोर आलंय, एकजण शेती बघतोय, आणि एक मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. शाळेत सगळ्यांना डब्यात भाकरीच असायची. आता कुणाच्या पायात किती हजारांचे बूट आहेत ते मला दिसत होतं. त्यांना दिसत नसावं, किंवा दिसलं तरी त्यांनी चालू दिलं असावं. "का बे, केस कुठं गेले तुझे?" यापुढं त्यांची चौकशी सरकत नव्हती.

आगटीत गोवऱ्यांचे निखारे फुलले होते. कोवळी कणसं त्यात खुपसायची, दाणे तडतडायला लागले की काढायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. फुंकर मारली की कूस उडते आणि हातात हिरवे, वाफाळते दाणे उरतात. सोबत चटणी, गूळ, बोरं, गोडीशेव. सगळी कला चोळण्यात आहे. शेतकरी मित्र कणसामागून कणीस चोळत होता. मंडपवालाही त्याच्या बरोबरीनं. हिंजवडीकरांनी एक चोळलं, हात झटकला आणि खिशातून रुमाल काढला. त्या रुमालाचा पुढं दोन तास जो सत्कार झाला तो इथं छापण्यासारखा नाही.

एक गोष्ट मला त्यांच्यात आवडली. तयारी करणाऱ्या मुलीला कुणीही परीक्षेचं विचारलं नाही. जाहिरात कधी, निकाल काय, किती मार्कांनी गेलं, काही नाही. आपण मोठी माणसं हेच आधी विचारतो. तेवढ्यात मित्राचे वडील आले आणि खाटेवर टेकता टेकता त्यांनी तिला विचारलंच, "मग मॅडम, साहेब कधी होणार?" पाचही तोंडांतून एकदम आवाज आला, "काका, ताक आहे का?" काका ताक आणायला उठले. ते परत येईपर्यंत विषय पार रुमालावर जाऊन पोचला होता. विद्यापीठं कितीही काढली तरी हा पेपर कुठं शिकवत नाहीत.

गड्ड्याचं काय सांगू? बाराव्या शतकातल्या सिद्धेश्वरांनी, म्हणजेच सिद्धरामेश्वरांनी, गावात 68 लिंगं स्थापली. यात्रेत सात नंदीध्वज त्या लिंगांच्या भेटीला निघतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या उंच काठ्यांचा तोल सांभाळत चालतात, आणि आमचा मंडपवाला त्यांच्यात असतो. त्या दिवशी तो 'का बे'ला ओ देत नाही. संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी प्रतीकात्मक विवाह लागतो आणि अख्खं सोलापूर अक्षता टाकतं. आजीनं अक्षता टाकल्या आणि थोड्या मुठीत राखून नातीकडं पाहिलं. नात म्हणाली, "आजी, देवाचं दर वर्षी लागतं. माझं एकदाच लागणार आहे. घाई नको." मग दोघी होम मैदानावर पाळण्यात बसायला गेल्या. आजी बसली. नातीला चक्कर येते.

एक आठवडा हे माप कुणी ठरवलं कोण जाणे. माणूस घरात मुरतो न मुरतो तोच बॅग बाहेर निघते. बॅग भरणं हे स्वतंत्र युद्ध असतं. कन्येचं म्हणणं, लॅपटॉप आणि कपडे. आईचं म्हणणं, लॅपटॉप हातात धर. मग कडक भाकरी, शेंगापोळ्या, तिळगूळ, आणि होस्टेलातल्या मैत्रिणींनी मागवलेली चटणी. सोलापूरची मुलं पुण्याहून निघाली की चटणीची यादी घेऊनच निघतात. ही चटणी मिक्सरची नव्हे. उखळात शेंगदाणे, लसूण, तिखट कुटत जायचं, ते अंगचं तेल सोडून गोळा व्हायला लागलं की थांबायचं. दोन मैत्रिणींना सोलापुरी चादरीही हव्या होत्या. भाकरी मोडू नये म्हणून त्या चादरींच्या घडीत ठेवायची युक्ती मात्र कन्येची. भाकरी पुण्यापर्यंत अखंड गेली. शिक्षण अगदीच वाया गेलेलं नाही.

सकाळी साडेसहाची 'हुतात्मा'. मी स्टेशनवर सोडून आलो, गाडी मोहोळच्या पुढं गेली असेल नसेल, घरी फोन लागला होता, "कुठवर आली?" संध्याकाळी होस्टेलातून चटणी पसंत पडल्याचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी ती संपल्याचा.

म्हणून पुण्यातल्या विद्यार्थिनींना तिच्या आईच्या वतीनं एक विनंती. चटणी खा, भाकरी खा, पुढच्या खेपेला पुन्हा पाठवू. पण डबे परत द्या. स्टीलचे आहेत, दोन्हीच्या बुडाला माझं नाव कोरलेलं आहे, आणि मोठ्याचं झाकण दिवाळीपासून आलेलं नाही.