दोघांचं टेबल, चौघांचे कान

खलिफा सिटीतलं मराठी जोडपं अबू धाबीच्या झायेद बंदरातून क्रूझवर निघालं, की जहाजाच्या मुख्य रेस्टॉरंटमध्ये त्याला हवं असतं दोघांचंच टेबल. अशी टेबलं मोजकी, आणि बहुधा शेजारच्या टेबलापासून वीतभर अंतरावर. म्हणजे एकांत नावापुरता, शेजाऱ्याचा सूपचा भुरका मात्र थेट कानात. आठजणांच्या टेबलावर निदान ओळख तरी होते. कोणी म्हणेल, परक्यांशी रोज बोलायचं काय? पण लग्नाच्या पंगतीत परक्यांच्या मांडीला मांडी लावून आपण जिलबीचा आग्रह सोसतोच की! आणि खरा एकांत हवाच असेल, तर तो घरच्या टेबलावर फुकट मिळतो; फक्त दोन्ही मोबाइल पालथे ठेवावे लागतात.