अप्परवाला

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून निघालेली, आळेफाट्यावरून वळून माळशेज उतरणारी आणि उजाडायच्या आत वाशीचं मार्केट गाठणारी एक पिकअप लांबूनच ओळखू येते, कारण ती दिसतच नाही. दिसतो तो नुसता उजेड. या उजेडामागे बसलेल्या गृहस्थाला आपण अप्परवाला म्हणू. माणूस वाईट नाही. पंक्चर झालेल्या परक्या गाडीला जॅक काढून देईल, टपरीवर चहाचे पैसे दुसऱ्याला देऊ देणार नाही. देणार नाही तो फक्त डिपर. रात्रीचा धंदा, अंधारे रस्ते, तेव्हा नीट दिसावं म्हणून बिचारा हेडलाइटवर खर्च करतो, असं लोक समजतात. माझं मत असं की त्या खर्चाचा दिसण्याशी फारसा संबंध नाही. वरातीपुढे गॅसबत्त्या चालत, त्या काही नवरदेवाला खड्डे दिसावेत म्हणून नव्हेत.

पुरावा त्याच्या खरेदीतच आहे. हॅलोजनच्या गाडीला कंपनीचा बल्ब येतो अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॉटचा. तो ‘मेणबत्ती’ म्हणून पहिल्याच महिन्यात उतरतो आणि १३०/१००चा चढतो. आता उजेड कमी पडण्याचं दुखणं बहुधा बल्बात नसतंच. बारीक वायर, गंजलेलं अर्थिंग, सैल कपलर यांतून वाटेतच व्होल्टेज गळतं, आणि हॅलोजनचा स्वभाव असा नाजूक की व्होल्टेज १० टक्के उतरलं तर उजेड जवळजवळ ३० टक्के उतरतो. दोन रिले टाकून बॅटरीपासून जाड वायर ओढली की कंपनीचाच बल्ब उजळतो. पण रिले बसतो बॉनेटखाली. तो चारचौघांत दाखवायचा कसा? म्हणून रिले राहतो आणि बल्ब बदलतो. १३० वॉटचे दोन बल्ब मिळून २० अँपिअरच्या वर करंट खेचतात, तोही मूळच्या त्याच वायरीतून आणि त्याच स्विचमधून. मग केबिनमध्ये जळका वास येतो, आणि आपले अप्परवाले दादा क्लचप्लेटवर संशय घेतात. पिवळ्या पडलेल्या काचेला पॉलिश मारावं, हे तर कुणी सुचवायचंही नाही. घासलेली काच कुणाच्या नजरेत भरते?

यानंतर येतो एलईडीचा काळ. हेडलाइटच्या आतला आरसा एका ठरावीक जागी असलेल्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. तिथे भलत्याच मापाची एलईडी खुपसली की उजेड रस्त्यावर पडायचा सोडून झाडांवर, होर्डिंगवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत पडतो. आंब्याच्या शेंड्यावरची कैरीन् कैरी मोजता येते, खड्डा तेवढा चाकाखाली आल्यावर कळतो. शिवाय गाडीच्या नाकासमोरचे दहा मीटर दुधासारखे पांढरे झाले की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि पुढचा अंधार आणखी गडद वाटतो. त्यावर उपाय म्हणून दादा टपावर दिव्यांचा एक बार लावतात.

जो इलाज फुकट आहे तो मात्र कधीच होत नाही, आणि मला सगळ्यात मौज याचीच वाटते. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करायची, हेडलाइटच्या उंचीची रेघ भिंतीवर खडूने ओढायची आणि डिपरच्या उजेडाची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली येईपर्यंत मागचा स्क्रू फिरवायचा. एवढंच सेटिंग. पण ते रिकाम्या गाडीवर केलं आणि मागे सत्तर-ऐंशी कॅरेट चढले, की पाटे दबतात. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर धरा. मागची बाजू ५ सेंटीमीटर बसली तर गाडीचं नाक जवळजवळ एक अंश वर जातं, म्हणजे ६० मीटरवर उजेड मीटरभर उंच. डिपरचा आपोआप अप्पर! हे सावरायला बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांचं छोटं चाक असतं. ते एसीचं असावं, अशी दादांची समजूत आहे. गाडीला एसी नाही.

आता दादांची बाजू. ती पोकळ नाही. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागच्या लाल दिव्याशिवाय, रिफ्लेक्टरशिवाय रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, आणि ‘त्यात घुसलो तर तुम्ही येणार का?’ हा प्रश्न बिनतोड आहे. मोकळ्या रस्त्यावर अप्पर हवाच. पण ट्रॉली असते डाव्या कडेला, आणि आपल्याकडच्या डिपरची कड मुद्दाम डावीकडे वर चढवलेली असते ती याचसाठी. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी घडवलेला स्वस्त दिवा लावला तर ती चढण उजवीकडे जाते: ट्रॉली अंधारात, समोरचा उजेडात. दुसरा युक्तिवाद ‘समोरचा देत नाही, मग मी का देऊ?’ या जातीचा. समोरचा दिपला तर दोन-तीन सेकंद आंधळाच असतो, आणि ताशी ६० किलोमीटरने तेवढ्यात तेहतीस ते पन्नास मीटर पुढे येतो. तो येतो ते दादांच्याच दिशेने. सूड म्हणून हा सौदा महाग आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९चे. त्यांत ८ मीटरवरच्या, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवू नये असं सांगितलं आहे. हा माणूस दादांना फक्त पासिंगच्या दिवशी आठवतो. त्या दिवशी सीटखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले कंपनीचे बल्ब पुन्हा जागेवर बसतात, बार उतरतो आणि आरटीओच्या आवारातच सेटिंगही होऊन जातं. परतताना रात्र होते. गाडी रिकामी, डिपर जिथे पडायला हवा तिथे पडलेला, आणि साऱ्या वाटेत समोरून एकही गाडी चिडून लाइट मारत नाही. दादा घरी येतात ते उतरलेल्या चेहऱ्याने. आज रस्त्यात कुणी ओळखलंच नाही.