धरला कशाला, सोडायचाच होता तर?

खोडाळ्यात लोकांना मासेमारी शिकवायला माणूस नेमला जाणार, हे कळल्यावर आमच्या काकांनी एकच प्रश्न विचारला, "आन् शेळ्यांना चरायला शिकवायला कोन येनार?" नेमलेला माणूस मीच असल्यामुळे मला हसता येईना. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, आणि एका संस्थेनं मला उन्हाळ्यापुरतं इंटर्न म्हणून घेतलं होतं. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याहून येणारे पाहुणे आणि गावातली पोरं यांना एकत्र आणायचं, सकाळी पक्षी दाखवायचे, ऊन कललं की मासेमारी घ्यायची आणि या सगळ्यातून 'समुदायाचं निसर्गाशी नातं' जोडून द्यायचं, असं कामाचं स्वरूप होतं. मानधन रोजगार हमीच्या मजुरीपेक्षा कमी होतं. पण रोजगार हमीत खाली वाकून माती उचलावी लागते, इथं नुसतं वर बघायचं होतं. "वर बघायचं पैसं मिळतात?" काकूनं दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि शेजारी सांगायला गेली.

संस्थेचा अहवालाचा नमुना बहुधा कुठल्या तरी परदेशी नमुन्यावरून उतरवलेला असावा. पहिलाच रकाना 'उद्यानाचे नाव' असा होता. खोडाळ्याला रान आहे, माळ आहे, ओहोळ आहेत, पण बाकड्यावर बसून शेंगदाणे खावेत असं उद्यान काही नाही. मी बिनधास्त 'सूर्यमाळ' लिहून दिलं. लगेच फोन आला : उद्यान उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ राहिली आहे. मी लिहिलं, बंद होण्याची वेळ दिवस मावळला की, उघडण्याची वेळ बिबट्या गेला की. हे त्यांनी तसंच्या तसं छापलं. पुढच्या शनिवारी एक कुटुंब मुकाट्यानं ऊन चढायची वाट बघत गाडीतच बसून राहिलं होतं.

'सहभागी स्थानिक' हा रकाना त्याहून अवघड निघाला. दिवाळी झाली की आमच्या मोखाडा-जव्हारकडची निम्मी माणसं जगायला जातात. कुणी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर, कुणी वसईला बांधकामावर. पोरंही आईबापांबरोबर जातात. परत यायची ती मे संपता संपता, पेरणीच्या आधी. म्हणजे आमच्या समुदायानं निसर्गाशी नातं जोडायचं ठरवलं, तेव्हा समुदाय वसईला होता आणि निसर्ग वाळून गेला होता. गावात उरली होती ती म्हातारी माणसं, काही पोरंटोरं आणि ज्यांना कुणी कामावर घेत नाही असे माझ्यासारखे पदवीधर.

मासेमारीला पाणी लागतं, एवढं तरी संस्थेत कुणाला सुचायला हवं होतं. आमच्याकडे चार महिने पाऊस असा कोसळतो की छत्री उघडायची लाज वाटावी. दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण तो डोंगरउतारावरून धावत सुटतो, आणि वाटेत त्याला अडवायला बांधलेली धरणं मुंबईची. आमच्याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणाचं धरण आहे. 2012 साली बांधून झालं, उंची 102 मीटर, आणि त्यातून मुंबईला रोज 45 कोटी लिटर पाणी जातं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकर येतो. मुलुंडच्या एका पाहुण्यांनी नदीच्या कोरड्या गोट्यांवर उभं राहून मला विचारलं, "पण मासे धरायला पाणी कुठंय?" मी म्हटलं, "सर, ते तुमच्या बाथरूममध्ये आहे." सर हसले. अभिप्रायाच्या कागदावर मात्र त्यांनी 'मार्गदर्शिकेने विषयाला धरून बोलावे' असं लिहिलं. याहून विषयाला धरून काय बोलायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळचा पक्ष्यांचा कार्यक्रम त्या मानानं बरा चाले, कारण पक्ष्यांना धरण बांधता येत नाही. पाहुण्यांना सगळ्यात जास्त ओढ रानपिंगळ्याची. त्याची कथाही तशी भारी आहे. 1884 नंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नव्हता, गेला म्हणून लोकांनी सोडून दिला होता. मधल्या काळात मायनर्टझागेन नावाच्या एका इंग्रज कर्नलानं संग्रहालयातला जुना पेंढा भरलेला रानपिंगळा चोरला आणि 'मी 1914 साली गुजरातेत मारला' अशी चिठ्ठी त्याला लावून दिली. त्या चिठ्ठीच्या नादानं अभ्यासक भलत्याच जागी शोधत राहिले. पामेला रासमुसेन या बाईंनी ती लबाडी पकडली, कर्नलाची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या रानात जिवंत रानपिंगळा शोधून काढला. पुढं 2014 साली तो आमच्या शेजारच्या तानसा अभयारण्यातही दिसला, तेव्हापासून या पट्ट्यात कॅमेरे वाढले. मी ही गोष्ट काकांना सांगितली. काका म्हणाले, "म्हंजे चोरीचा माल. आन् पोलिसपाटलाला सोडून सगळी दुनिया शोधत व्हती."

गावातल्या पोरांना मात्र रानपिंगळ्यात काडीचा रस नव्हता. त्यांच्या गळ्यात बेचक्या असत. 'बेचकी द्या, दुर्बीण घ्या' अशी आमची योजना होती. पोरांनी ती आनंदानं मान्य केली. दुर्बीण गळ्यात घातली आणि बेचकी मागच्या खिशात टाकली. पक्षी ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पाहुणे पुस्तकाची पानं उलटून 'शेपटीच्या कडा पांढऱ्या आहेत का?' यावर वाद घालत असायचे, तोवर आमचा सातवीतला गडी पान हलण्यावरून सांगून मोकळा व्हायचा.

"ताई, ह्यो व्हला. चांगला आसतो."

"चांगला म्हणजे?"

"भाजून."

वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा मी त्यांना तिथंच सांगितला. हरियाल हा तर आपला राज्यपक्षी आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही, असंही बजावलं. मागं उभे असलेले एक आजोबा हरियालचं नाव निघाल्यावर कुठं तरी लांब बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांत जे दाटून आलं होतं, त्याला संस्थेच्या भाषेत 'प्रजातीविषयी आस्था' म्हणतात. मी त्यांची सही घेतली.

टिटवीच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत झालं. नांगरून ठेवलेल्या वावरात, उघड्यावर, टिटवीनं चार अंडी घातली होती. गोट्यांच्या रंगाची, तपकिरी डागांची, चारी टोकं आत वळवून नीट जुळवलेली. बोट दाखवूनही पाहुण्यांना ती दिसेनात. एका बाईंचा पाय अंड्यांपासून वीतभर अंतरावर पडला, तेव्हा टिटवीनं जो गिल्ला केला त्यानं सगळे जागच्या जागी थिजले. पोरांनी भोवती मोठे दगड मांडले, म्हणजे औत त्या बाजूला जाणार नाही. काकांनी अंड्यांची जागा लांबूनच बघितली आणि जाहीर केलं की टिटवीनं उंचवट्याला अंडी घातलीत, औंदा पाऊस दाबून. पाहुण्यांनी लगेच मोबाईलवर हवामान खात्याचा अंदाज काढला. रेंज नव्हती. तेव्हा तूर्तास टिटवीचाच अंदाज ग्राह्य धरावा लागला.

आता मासेमारी. नदीत एक डोह अजून टिकून होता, कमरेएवढा. त्या दिवशी ठाण्याचे एक गृहस्थ पूर्ण तयारीनिशी आले होते. घडीची काठी, चकरी, बोटं उघडी असलेले हातमोजे, पुष्कळ कप्प्यांचं जाकीट आणि एका डबीत रंगीत प्लास्टिकचे मासे. आमची पोरं प्लास्टिकच्या माशाकडे असं बघत होती की त्यांना गांडूळ खणायचीही आठवण राहिली नाही. डोहाच्या दुसऱ्या टोकाला आमची आजी गुडघाभर पाण्यात ओणवी होऊन दगडांखाली मुठे चाचपत होती. मुठा शोधताना ती पाण्यात बघत नाही. तोंड भलतीकडे, गप्पा चालू आणि हात दगडाखालच्या कपारीत. हात बाहेर येतो तो मुठ्यासकट, नांग्या दाबूनच.

साहेबांचा प्लास्टिकचा मासा बराच वेळ उंबराच्या मुळ्यांत अडकत राहिला. शेवटी एका पोरानं न विचारता गळाला गांडूळ लावलं, तेव्हा कुठं एक शिंगटी लागली. बोटभर लांबीची. साहेबांनी ती हर्षानं मुठीत धरली आणि शिंगटीनं काटा मारल्यावर तितक्याच हर्षानं आई गं म्हणाले. मग फोटो झाला. मग पट्टीनं लांबी मोजली. मग ते पाण्याशी वाकले आणि ओल्या हातानं तिला हळूच सोडायला लागले. हे आमच्या पत्रकातच होतं : पकडा, मोजा, सोडा.

आजी सरळ झाली. "धरला कशाला, सोडायचाच व्हता तर?"

साहेब नम्रपणे म्हणाले, "आजी, आनंदासाठी."

"कुनाच्या?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पत्रकाकडे. तेवढ्यात शिंगटी दमून काठच्या दगडाला टेकली होती. आजीनं वाकून ती उचलली, काटा मोडला, ओच्यात टाकली आणि विचारलं, "तुमचं झालं ना आता?"

अहवालात मी प्रामाणिकपणे भरलं. पकडलेले मासे : 1. सोडलेले मासे : 1. पुन्हा पकडलेले मासे : 1. 'स्थानिकांना झालेला लाभ' या रकान्यात संस्थेला नेहमी काहीतरी ठोस हवं असे. त्या आठवड्यात ते पहिल्यांदाच मिळालं.

पत्रकात एक कायदाही होता. पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारायला 1897 पासून बंदी आहे. गेळ्याची फळं कुटून डोहात टाकायची आणि गुंगलेले मासे गोळा करायचे, ही आमच्याकडची जुनी रीत काकांना ठाऊक होती, म्हणून मी मुद्दाम त्यांना हे वाचून दाखवलं. "1897 ला आपल्याला इचारलं व्हतं का?" एवढंच ते म्हणाले. मग थोड्या वेळानं स्वतःच बोलले, की गेळ्यानं मासा गुंगतो, पण हल्लीची पोरं ब्लीचिंग पावडर टाकतात, त्यानं पिल्लंटिल्लं, बेडूक सगळं जातं, त्यांना धरा. माझ्या सगळ्या उन्हाळ्यातलं सगळ्यात उपयोगाचं जनजागरण हे, आणि तेही काकांनी केलं. मानधन मला मिळायचं होतं. ते अजून मिळायचंच आहे.

कार्यक्रम पुढच्या वर्षीही घ्यायचा आहे म्हणे. माझी संस्थेला आणि वाचकांना एकच विनंती : मेमध्ये येऊ नका. पहिल्या पावसानंतर या. तेव्हा जगायला गेलेली माणसं परतलेली असतात, पावश्या रात्रंदिवस ओरडून 'पेरते व्हा' सांगत असतो, नवरंग आलेला असतो आणि वलगणीचे मासे ओढ्यातून उलटे चढत भाताच्या खाचरात शिरलेले असतात. त्यांच्या पोटात अंडी असतात, तेव्हा कालवणापुरतेच धरायचे. कसाऱ्याला उतरा, खोडाळ्याची एसटी धरा. मोबाईलवर नवरंगाची शीळ वाजवू नका, तो घरटं सोडून भांडायला येतो. पिण्याचं पाणी मुंबईहून भरून आणलंत तरी चालेल, ते आमच्याकडचंच आहे. आणि गळ आणणार असाल, तर मासा खायच्या तयारीनं आणा. मीठमिरची आमच्या घरी आहे.