जित्यांना खांब, मेल्यांना दगड

बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेडला निघालेल्या प्रवाशाने अपेक्षा यवतमाळच्या बसस्टँडवरच सोडाव्यात. गावाबाहेर एक टेकाड आहे, बस्स. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, अशी आपल्याकडे मातीची जात लागते. हे टेकाड पांढरीचं. ते कुणी बांधलं नाही. घर पडलं, ढिगारा हलवण्याचा कंटाळा आला, म्हणून त्यावरच दुसरं उठलं. 2023-24 मध्ये नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं तेव्हा या कंटाळ्याची जाडी साडेआठ मीटरांहून जास्त भरली. तळाला सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं लोहयुग, त्यावर सातवाहन, मग मध्ययुग, आणि शेवटी निजामी अमलातली टेहळणीची जागा.

लोहयुगातलं घर म्हणजे गोल जमीन, लाकडी खांब आणि चूल. या साधेपणाचा अर्थ मात्र पाचखेडात लागत नाही. त्यासाठी त्याच युगातल्या मेलेल्यांकडे, नागपूरजवळच्या जुनापाणीला जावं लागतं. तिथे थडग्यांभोवती रचलेली सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत. 1879 साली ती उकरणारे रिव्हेट-कार्नाक हे एकेकाळचे मध्य प्रांताचे कापूस-कमिशनर, म्हणजे खरं तर त्यांनी कापसाच्या यवतमाळकडे वळायला हवं होतं. वर्तुळांत कुऱ्हाडी, खंजीर निघाले, घोड्याचे लगामसुद्धा. जित्याला लाकडाचा खांब, मेल्याला ओढून आणलेल्या शिळा! शिवाय ही वर्तुळं आता राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहेत, आणि अशा स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी असते. इतकं मोकळं अंगण त्यांना हयातीत मिळालं नसेल.

कुणी म्हणेल, लाकूड कुजलं आणि दगड उरला, यात कसला आदर? पण दगड आपसूक गोल फिरून बसत नाहीत. विदर्भात दगडाला तोटा नव्हता, तरी तो घर उभारायला न लावता थडग्याला लावला. ही निवडच झाली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पाचखेड आणि जुनापाणीचे लोक सोयरे होते याला दाखला काय? सोयरीक मी जुळवत नाही. काळ आणि लोखंड सारखं, एवढ्यावर तुलना पुरते. आणि शेकडो वर्षांच्या वस्त्यांतले सगळे मृत 300 वर्तुळांत मावतील, हे काही पटत नाही. बहुतेकांना साधी मातीच मिळाली असणार. प्लॉट तेव्हाही सगळ्यांना परवडत नव्हता.