एका बाईची तरतूद

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४९ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला लागते. नोंद नसलेल्या पब्लिक कंपनीलाही, भरणा झालेले भांडवल १०० कोटी किंवा उलाढाल ३०० कोटींची असल्यास, हाच नियम आहे. नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडच्या ओपनकास्ट खाणींतून कोळसा काढणारी डब्ल्यूसीएल, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, या दुसऱ्या वर्गात मोडते. दुसरी बाई नेमल्यास कायद्याची हरकत नाही.

या सक्तीवर चर्चा निघाली की पहिला मुद्दा गुणवत्तेचा येतो. मंडळावर सगळे पुरुष असतात तेव्हा तो कोणालाच आठवत नाही. दुसरा मुद्दा, लायक महिला मिळत नाहीत. म्हणून सेबीने १ ऑक्टोबर २०१४ ची मुदत वाढवून १ एप्रिल २०१५ केली; ही तारीख विचारपूर्वक निवडली होती, असे मानायला आधार नाही. अनेक प्रवर्तकांचा शोध घरातच संपला. रिलायन्सने नीता अंबानी यांना आणि रेमंडने नवाज सिंघानिया यांना २०१४ मध्येच मंडळावर घेतले होते. यात बेकायदा काही नव्हते. कायद्याला बाई हवी होती, ती कोणाच्या घरची हे त्यात लिहिलेले नव्हते. पंचायतीत सरपंचपती हे पद लोकांना नव्याने निर्माण करावे लागले. कंपन्यांत ती गरज पडली नाही, कारण पती बहुधा आधीच अध्यक्ष असतो. पुढे सेबीने पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १००० कंपन्यांना २०२० पासून प्रवर्तकांच्या नात्याबाहेरची, स्वतंत्र महिला संचालक सक्तीची केली. तारीख दोन्ही वेळा तीच.

सरकारी कंपन्यांची अडचण निराळी आहे. त्यांचे संचालक मंत्रालय नेमते. पुरेसे स्वतंत्र संचालक आणि महिला संचालक नसल्याबद्दल इंडियन ऑइल, ओएनजीसी, गेल अशा कंपन्यांना दोन्ही शेअर बाजारांनी अलीकडे दंड ठोठावले आहेत. दर दिवसाला ५,००० रुपये. ९१ दिवसांची तिमाही पूर्ण भरली की ४,५५,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,३६,९००. कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: नेमणूक आमच्या हातात नाही, दंड माफ करावा. कायदा सरकारचा, नेमणूक सरकारची आणि दंडावरचा जीएसटीही सरकारजमा. या व्यवहारात बाई सोडून सगळ्यांची सोय झालेली आहे.

खाण कंपन्यांत आणखी एक बारकावा होता. खाण कायदा, १९५२ चे कलम ४६ महिलांना भूमिगत खाणीत कामाला ठेवू देत नसे आणि वरच्या खाणीत संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत. ही बंदी जानेवारी २०१९ मध्ये काही अटींवर सैल झाली. तोपर्यंत जवळपास पाच वर्षे मंडळाच्या खोलीत बाई सक्तीची आणि खाणीच्या पोटात बेकायदा होती.

उमरेडच्या मतदाराला सक्तीचे हे गणित खालून वर पाहता येते. नगर परिषदेत, म्हणजे नळ, नाली आणि पथदिवे जिथे आहेत तिथे, २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या. बाजार समितीच्या १८ जणांत दोन. कोळशाच्या कंपनीत एक. लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश, पण सप्टेंबर २०२३ च्या घटनादुरुस्तीप्रमाणे जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. हाताळायची रक्कम वाढली की महिलांचा वाटा घटतो. लोकसभा-विधानसभेचा अपवाद दिसतो खरा, पण तिथे वाटा मंजूर आहे, मिळायचा आहे.

नॉर्वेने २००३ मध्ये संचालक मंडळांसाठी ४० टक्क्यांचा कायदा केला आणि न पाळणारी कंपनी विसर्जित करण्याची तरतूद ठेवली. दिवसाला ५,००० रुपये भरून चालू राहण्याची सोय तिथे कोणाला सुचली नाही.

महिला संचालकाची जागा रिकामी झाल्यास, शेअर बाजारात नसलेल्या कंपनीने ती मंडळाच्या पुढच्या बैठकीपर्यंत किंवा तीन महिन्यांत, यांतले जे उशिराचे असेल तोवर भरायची असते. दोन बैठकांत १२० दिवसांपर्यंत अंतर चालते. म्हणजे बैठक आटोपल्यावर लगेच राजीनामा आला, तर जवळपास चार महिने एकही बाई नसलेले मंडळ पूर्णपणे कायदेशीर असते.