खेळ चालू द्या, खुर्ची काढून घ्या

‘संस्थेचं नाव खराब होईल.’ मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं की संस्थेच्या कार्यालयात पहिलं वाक्य हेच निघतं. मुलाचा विषय नंतर येतो, तोही पालकांना गप्प करण्यासाठी: ‘मुलाच्या भविष्याचा विचार करा.’

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात एका शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तक्रार नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल थांबल्या, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने पोलिसांना का कळवलं नाही, असं विचारलं. पुढे संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांवरही पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली. आरोपी सफाई कर्मचारी होता, तरी प्रश्न विश्वस्तांपर्यंत गेला. तो जायलाच हवा होता.

आता तोच प्रश्न मैदानावर न्या. ठाण्याचं दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृह घ्या, नाहीतर डोंबिवलीचं सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल. पहाटे आई-बाप मूल ‘सरां’च्या हाती सोपवतात आणि लोकल पकडतात. संघनिवड सरांच्या हातात असते. परगावच्या स्पर्धेला मुलं त्यांच्याच भरवशावर जातात. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं 5 टक्के क्रीडा आरक्षण ज्या प्रमाणपत्रांवर मिळतं, त्यांवर क्रीडासंघटनेची सही लागते. इतकी सत्ता वर्गशिक्षकाकडेही नसते. म्हणून मैदानावरचं मूल गप्प राहतं, आणि पालकही.

ही भीती काल्पनिक नाही. 2010 ते 2019 या काळात भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे लैंगिक छळाच्या किमान 45 तक्रारी आल्या. त्यांतल्या 29 प्रशिक्षकांविरुद्ध होत्या. माहिती अधिकारात हे बाहेर आलं. काही प्रशिक्षकांची शिक्षा काय, तर पगारात किंवा निवृत्तिवेतनात थोडी कपात.

मग दडपणाऱ्या संस्थेला शिक्षा व्हावी का? व्हावीच. पण कुणाला आणि कशी, हे नीट ठरवा. नाहीतर फटका पुन्हा खेळाडूलाच बसतो.

कुस्तीत तेच झालं. 2023 च्या जानेवारीत महिला कुस्तीपटू लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केलं, पण कारण मुलींच्या तक्रारी नव्हतं. निवडणूक वेळेत घेतली नाही, म्हणून निलंबन झालं. त्याचे चटके कुणाला बसले? पुढच्याच महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत कुस्तीपटू अंतिम पंघालने कांस्यपदक जिंकलं, ऑलिंपिकचा कोटा मिळवला, पण अंगावर तिरंगा नव्हता.

अमेरिकेने हाच धडा पेन स्टेट विद्यापीठात घेतला. तिथला फुटबॉलचा सहायक प्रशिक्षक सँडस्की मुलांवर अत्याचार करत होता आणि तक्रारी कानावर येऊनही वरिष्ठांनी पोलिसांना कळवलं नाही. 2012 मध्ये विद्यापीठाला 6 कोटी डॉलर दंड झाला आणि संघाला मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यांची चार वर्षं बंदी. ती बंदी दोन वर्षांतच मागे घेतली गेली. ती भोगणाऱ्या पोरांनी काहीच केलं नव्हतं. दंडाची रक्कम मात्र बालअत्याचार रोखण्याच्या कामाला लागली. माजी अध्यक्षासह तीन वरिष्ठांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. योग्य शिक्षा ती हीच.

आपल्याकडे कायदा नाही, असं कुणी सांगू नये. पोक्सोचं कलम 19 सांगतं, की कळलं तर पोलिसांना कळवा. कलम 21 नुसार हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये बजावलं, की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. लैंगिक छळविरोधी 2013 च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल यांचा नावानिशी उल्लेख आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील, तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ती नसेल तर 50 हजारांपर्यंत दंड, आणि पुन्हा चूक केली तर परवाना रद्द होऊ शकतो. कायदा जागेवर आहे. तो वापरणारं कुणी जागेवर नाही.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे सरळ मागणी आहे. मैदानं तुमची आहेत, अटीही तुम्हीच घाला. समिती नाही, प्रशिक्षकांची पोलीस पडताळणी नाही, तर मैदान नाही. प्रकरण दडपलं असं सिद्ध झालं, तर त्या पदाधिकाऱ्याला कुठल्याही संघटनेत पुन्हा पद नको आणि दंड त्याच्या खिशातून घ्या. वर्ग मात्र दुसऱ्या दिवशी प्रशासक नेमून चालू ठेवा. पोरांची स्पर्धा रद्द करू नका.

आणि पालकहो, नाव नोंदवताना फी विचारता, तसं हेही विचारा: तक्रार कुणाकडे करायची, त्या व्यक्तीचं नाव काय? उत्तर मिळालं नाही, तर मूल घेऊन परत फिरा. काही कळलं, तर 1098 फिरवा किंवा जवळचं पोलीस ठाणं गाठा. प्रामाणिकपणे खबर देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्यासाठी संस्थेची परवानगी लागत नाही.